पोखरा ते जोमसोम, वीस मिनिटं

दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं आता पुष्कळ आहेत. नेपाळमधली पोखरा आणि जोमसोम ही दोन नावं टाकून पाहा. अंतर 70 किलोमीटरच्या आसपास, वेळ वीस मिनिटं. जोमसोमच्या पुढे असलेल्या मुक्तिनाथच्या यात्रेची आखणी करताना आपल्याकडची बहुतेक माणसं एवढंच बघतात आणि पुढच्या ओळीवर जातात. मी मात्र त्या 70 वर अडकून बसले, आणि जाऊन आल्यावरही तो आकडा डोक्यातून गेलेला नाही.

तो येतो कुठून? दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी गोल आहे हे लक्षात ठेवायचं आणि तिच्या पाठीवरून दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत छोट्या कमानीची लांबी काढायची. गणित चोख आहे. त्यात डोंगर धरलेला नसतो, इतकंच. निघण्याआधी एका रात्री आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन मी ही कमान नेपाळच्या नकाशावर ताणून धरली. पोखऱ्याच्या नव्या विमानतळापासून वायव्येला जोमसोमपर्यंत. दोरा ज्या काळ्या त्रिकोणाला अगदी घासून गेला, त्याच्याशेजारी लिहिलं होतं: अन्नपूर्णा 1, उंची 8,091 मीटर.

अगदी घासून म्हणजे खरोखरच घासून. अक्षांश-रेखांश मांडून पाहिलं तर ती सरळ रेष शिखरापासून जेमतेम अर्धा-एक किलोमीटरवरून जाते. जगातलं दहाव्या क्रमांकाचं उंच शिखर या 70 किलोमीटरांच्या वाटेत, दोन तृतीयांश अंतर गेल्यावर, उभं आहे आणि आकडा त्याच्यावरून निघून जातो.

या मार्गावर बहुतेक वेळा ट्विन ऑटर जातं. कॅनडाच्या डी हॅविलँड कंपनीचं विमान, पहिलं उड्डाण 1965 सालचं. दोन पंखे, पोटाखाली न मिटणारी चाकं, जास्तीत जास्त 19 प्रवासी. आत हवेचा दाब राखायची सोय नाही. कागदोपत्री ते 25,000 फुटांपर्यंत जाऊ शकतं. अन्नपूर्णेचा माथा साडेसव्वीस हजार फुटांवर आहे. म्हणजे त्या सरळ रेषेवरून हे विमान जाऊच शकत नाही. ते पोखऱ्याहून आधी पश्चिमेला वळतं, घोरेपानीची खिंड ओलांडतं, तातोपानीच्या अलीकडे-पलीकडे काली गंडकीच्या घळीत शिरतं आणि नदी धरून उत्तरेला जातं. दोरा या वाटेवर ठेवून मोजला तेव्हा 85 किलोमीटरच्या पुढे गेला. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा त्याचा वेग धरला की बरोबर वीस मिनिटांचा हिशेब लागतो. तेव्हा वेळापत्रकातली मिनिटं खरी आहेत, पण ती 70 किलोमीटरची नाहीत. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. कुणीतरी, कधीतरी, त्या डोंगराला वळसा घालायची वाट बघून ठेवली आहे आणि ती त्या वीसच्या आकड्यात मुरलेली आहे.

आम्ही गेलो ते आईसाठी आणि मावशीसाठी. दोघींनाही देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाचं मूळ गाव बघायचं होतं. आमच्या घरचा शाळिग्राम पणजीच्या काळापासूनचा, लिंबाएवढा. दर कार्तिकात तुळशीच्या लग्नाला तो वृंदावनापाशी जातो आणि परत येतो. तो काली गंडकीतला, एवढं आईला ठाऊक होतं. ती नदी कुठे आहे हे तिला साठी उलटल्यावर विचारावंसं वाटलं.

पोखऱ्याच्या विमानतळावर पहाटे पोहोचलो तर निम्मी रांग मराठी. नऊवारीवर स्वेटर, त्यावर माकडटोपी, हातात पाण्याची बाटली आणि गळ्यात यात्रा कंपनीचं ओळखपत्र. कुणी सोलापूरचं, कुणी नाशिकचं. नवा विमानतळ 1 जानेवारी 2023 ला सुरू झाला; इमारत ऐसपैस, काचेची, आणि काचेतून समोर माच्छापुच्छ्रे. 6,993 मीटर उंचीचं, माशाच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या माथ्याचं ते शिखर सूर्य उगवायच्या आधीच गुलाबी झालं होतं. त्याच्याकडे बघत बसायला आम्हाला भरपूर वेळ मिळाला. सामान वजनकाट्यावर गेलं, हातातल्या पिशव्याही गेल्या. मावशीने पिशवीतले लाडू काढून खिशात घालायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा काट्यापाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "आमा, खिशातलं पण वजनच आहे." हिंदी तिची नेपाळी वळणाची, पण समजली सगळ्यांना.

मग वाट बघणं. पहिलं विमान गेलं. दुसरं गेलं नाही. घोरेपानीवर ढग आहेत, असं कळलं. समोर आकाश निळंशार आणि फलकावर उशीर. रांगेतले काका अस्वस्थ झाले. "इथे तर कुठेच ढग नाही!" त्यांचा राग मी समजू शकते, पण या मार्गाला तीन ठिकाणचं आकाश एकाच वेळी मोकळं लागतं: पोखऱ्याचं, मधल्या खिंडीचं आणि जोमसोमचं. इथे वैमानिक डोळ्यांनी बघून विमान चालवतो. घळीत आणि जोमसोमला उतरताना, ढगातून यंत्रांच्या भरवशावर खाली आणणारी सोय नाही. डोंगर दिसला पाहिजे, नदी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर जायचं नाही.

ढगाशिवाय वाऱ्याचंही गणित आहे. "हावा आउनुअघि जानुपर्छ," कर्मचारी आपापसात सारखे म्हणत होते. वारा यायच्या आत गेलं पाहिजे. सकाळी दहा-अकरानंतर जोमसोमला विमान उतरत नाही. साडेआठ, नऊ, सव्वानऊ. प्रत्येक मिनिटाला ती वीस मिनिटं दूर जात होती. शेवटी साडेनऊच्या सुमाराला आमच्या विमानाचं नाव पुकारलं.

आत गेल्यावर डावीकडे एक खुर्ची, उजवीकडे दोन, मधली वाट इतकी अरुंद की आडवं होऊन चालायचं. हवाई सुंदरीने एका तबकातून गोळ्या आणि कापसाचे बोळे फिरवले. कापूस कानात घालायला. वैमानिकांच्या आणि आमच्यामध्ये काहीच नव्हतं, समोरची काच थेट दिसत होती, आणि काचेत डोंगर.

त्या वीस मिनिटांत जे पाहिलं ते मी पुन्हा पुन्हा आठवते. खाली आधी भाताची खाचरं, एकाखाली एक, वळणावळणाने उतरत गेलेली. मग घोरेपानीचं गुराँसचं, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं, दाट जंगल, खिंडीच्या अगदी जवळून. त्यानंतर विमान उजवीकडे वळलं आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या भरल्या. डावीकडे धौलागिरी, 8,167 मीटर. उजवीकडे अन्नपूर्णेची रांग. आपण दहा-बारा हजार फुटांवर आहोत आणि डोंगर आपल्या वर चालू होतो आहे, हे शरीराला पटत नाही. विमानात बसलेलं माणूस खाली बघतं ही सवय. इथे खिडकीला गाल लावून वर बघावं लागतं. दोन्ही शिखरांमध्ये जेमतेम 35 किलोमीटर आणि तळाशी नदी अडीच हजार मीटरवर. घळीची खोली साडेपाच हजार मीटरच्या घरात. जगातल्या सगळ्यांत खोल घळींत हिची गणना होते. मावशीने माझं मनगट धरलं होतं, भीतीने नव्हे, दाखवायला. "तो बघ पूल. तो बघ धबधबा." एवढ्या उंचीवरून तिला पूल कसा दिसला कोण जाणे. पण दिसला खरा.

आणि मग हिरवं संपलं. खरोखर दोन-तीन मिनिटांत. पाईनची झाडं विरळ झाली आणि खाली करडी, पिवळट, उघडी जमीन, मधे रुंद दगडगोट्यांचं पात्र. पोखऱ्याच्या जवळचं लुम्ले हे नेपाळमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पडतो. जोमसोमला तीनशेच्या आतबाहेर. महाबळेश्वरहून उतरून दहिवडीकडे जाताना जो बदल आपण गाडीतून दोन-तीन तासांत बघतो, त्याच जातीचा हा, फक्त डोंगराची भिंत सह्याद्रीच्या पाचपट उंच. ढग सगळे अलीकडे रिकामे होतात.

उतरताना पाय आपोआप ताणले गेले. जोमसोमची धावपट्टी सुमारे साडेसातशे मीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे. उंची 2,736 मीटर, म्हणजे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश विरळ. विरळ हवेत पंख कमी उचलतात, इंजिनही कमी जोर देतं. पट्टी आखूड आणि हवा पातळ, या दोन्हींचा मेळ घालायचा म्हणून तर ती पिशव्यांची वजनं. दार उघडलं, आई शिडीवरून उतरली आणि मान वर करून उभीच राहिली. धावपट्टीच्या डोक्यावर निळगिरी, 7,061 मीटर. मागून कर्मचारी हात जोडून म्हणतोय, आमा चला, आणि आई हलायला तयार नाही.

आम्ही उतरलो ते त्या दिवसातलं शेवटून दुसरं विमान असावं. चहा घेऊन बाहेर आलो तर विमानतळावरचा वाऱ्याचा पायमोजा, मघाशी लोंबत होता तो, आडवा होऊन फडफडत होता.

या वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या मार्गाचं वेळापत्रक खरं तर तोच लिहितो. जोमसोमच्या उत्तरेला मुस्तांगचा उघडा, कोरडा, उंच मुलूख. सकाळी ऊन चढलं की ती जमीन भराभर तापते, वरची हवा उठते, दाब कमी होतो. ती जागा भरायला दक्षिणेकडच्या खोऱ्यांतली जड, दमट हवा वर धावते. मधे हिमालयाची भिंत. भिंतीला इथे मोठी फट एकच, काली गंडकीची घळ. एवढी सगळी हवा त्या फटीतून घुसते तेव्हा दुपारी तिचा वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटरवर सहज जातो. संध्याकाळी जमीन निवली की वारा पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वादळ म्हणावं असं त्यात काही नाही, रोजचा नेम आहे. जोमसोमची आणि जवळच्या मार्फ्याची घरं जवळजवळ बांधलेली, गल्ल्या बोळकंडीएवढ्या, सपाट धाब्यांच्या कडेने सरपण रचलेलं. मार्फ्याच्या सफरचंदाच्या बागांना दगडी भिंती. कित्येक झाडं उत्तरेकडे कायमची कललेली.

विमानाला हा वारा पाठीमागून लागतो, कारण दोघेही दक्षिणेकडून येतात. उतरताना तर वारा समोरून हवा. म्हणून बऱ्याचदा विमान गावावरून पुढे जातं, अरुंद खोऱ्यात वळतं आणि तोंड वाऱ्याकडे करून खाली येतं. वारा फार वाढला, खोऱ्यात उसळ्या मारू लागला, की ते वळणही धोक्याचं. म्हणून दहा-अकराची वेळ. ती वेळ कुणा अधिकाऱ्याने नुसती ठरवलेली नाही, मुस्तांगच्या उन्हाने ठरवलेली आहे.

आता जे सांगायचं आहे ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. याच मार्गावर 24 फेब्रुवारी 2016 रोजी ट्विन ऑटर कोसळून 23 जण गेले. 29 मे 2022 रोजी याच मार्गावर, पुन्हा ट्विन ऑटर, 22 जण. त्यांत महाराष्ट्रातले प्रवासीही होते. दोन्ही अपघातांच्या चौकशीत विमान ढगात शिरल्याचं नोंदलेलं आहे. यात्रेचे कार्यक्रम आखणारे आणि त्यावर सही करणारे आपण सगळे हे विसरतो. "सकाळी जोमसोम, दुपारी मुक्तिनाथ, दुसऱ्या दिवशी सकाळी परत पोखरा, संध्याकाळी काठमांडू" असं छापलेलं पत्रक माझ्यापाशी अजून आहे. त्यात मोकळा दिवस एकही नाही. मग विमान रद्द झालं की चाळीस माणसं एका खिडकीपाशी उभी राहून आवाज चढवतात, पुढचं तिकीट बुडेल म्हणून. खिडकीतल्या मुलीवर आलेला तो दबाव शेवटी कुणाच्या खांद्यावर जाऊन बसतो? वैमानिकाने नाही म्हटलं की ते नाही ऐकून घ्यायला आपल्या हाताशी दिवस असले पाहिजेत. हा खर्च नको असेल तर सरळ रस्त्याने जावं. मी तर म्हणेन की रद्द झालेल्या उड्डाणाबद्दल मनातल्या मनात नमस्कार करावा.

परतीचं आमचंही विमान रद्द झालं. त्या दिवशी जोमसोम लख्ख आणि पोखऱ्यावर धुकं. दहा वाजता सांगून टाकलं, आज नाही. आम्ही जीप केली.

रस्त्याने हेच अंतर दीडशे किलोमीटरच्या वर आहे, आणि आम्हाला दिवस लागला. मोटाररस्ता जोमसोमपर्यंत येऊन अजून फार वर्षं झालेली नाहीत. त्याआधी बेनीहून चालत किंवा खेचरावरून यावं लागे. ही तिबेटच्या मिठाची जुनी वाट. वरून मीठ आणि लोकर, खालून धान्य, आणि मधल्या तुकुचेत इथल्या थकाली जमातीच्या व्यापाऱ्यांच्या कोठ्या. मार्फा, तुकुचे, लार्जुंग, कालोपानी, घासा. विमानातून जी गावं नखाएवढी दिसली होती, त्यांच्या दारांवरून आम्ही गेलो. कालोपानीला थकाली खानावळीत जेवलो: भात, काळ्या उडदाची डाळ, गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, मुळ्याचं लोणचं, वर तूप. आई म्हणाली, डाळीला जिंबूची फोडणी आहे का? बाईंनी डबा उघडून दाखवला, वाळलेल्या गवतासारखी पात. आईने पुडी बांधून घेतली.

तुकुचेत एक मिनिट थांबायचा हट्ट मी केला. 1950 साली अन्नपूर्णेवर निघालेल्या फ्रेंच तुकडीचा तळ इथे होता. त्यांच्याजवळचे नकाशे इतके सदोष होते की डोंगराच्या पायथ्याशी जायची वाट शोधण्यातच त्यांचे कित्येक आठवडे गेले. नकाशावर होत्या त्या खिंडी जागेवर नव्हत्या. अखेर 3 जून 1950 ला मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल माथ्यावर पोहोचले. 8,000 मीटरवरच्या शिखरावर माणूस चढल्याची ती पहिलीच वेळ. त्यापायी दोघांनीही पायाची बोटं गमावली, एर्झोगने हाताचीही. माझा दोरा नकाशावर ज्या त्रिकोणाला घासून गेला तो हा डोंगर.

घासाच्या खाली रस्ता नदीला चिकटून कड्याच्या पोटातून जातो. रुप्से धबधब्याचं पाणी थेट रस्त्यावर येतं. जीप त्यातून जाताना मावशीने काच खाली करून ओंजळ भरली. "विमानातून हाच दिसला होता," ती म्हणाली. मला खात्री नाही, पण तिला होती.

नदीपाशी उतरलो ते कागबेनीला, जाताना, मुक्तिनाथच्या वाटेवर. मुक्तिनाथला 3,700 मीटरच्या वर आईला धाप लागली होती, तरी 108 धारांखालून ती गेलीच, एकेका धारेचं चार थेंब पाणी डोक्यावर घेत. पण तिचं मन कागबेनीच्या पात्रात जास्त रमलं. काळे गुळगुळीत दगड, त्यांतले काही फोडले की आत गोगलगायीसारखं चक्र. समुद्रात राहणाऱ्या जिवाचा तो ठसा, पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वीचा, भारताची भूमी आशियाला भिडायच्या आधी मधे टेथिस समुद्र होता तेव्हाचा. समुद्राचा तळ उचलला जाऊन हिमालय झाला. नदी मात्र डोंगराच्या आधीपासूनची, असं भूशास्त्रज्ञ सांगतात. डोंगर उठत गेला तशी ती त्याला कापत गेली. म्हणून ही घळ, म्हणून वाऱ्याची फट, म्हणून विमानाची वाट. आई दगड हातात घेऊन बघत होती, परत ठेवत होती. घरचा एक आहे, दुसरा कशाला, म्हणाली.

बेनी मागे पडली तेव्हा अंधार झाला होता. पोखऱ्याला हॉटेलवर पोहोचलो तर मावशी जीपमध्येच झोपलेली.

आता वहिनीच्या माहेरची माणसं दसऱ्यानंतर मुक्तिनाथला जाणार आहेत आणि आखणी माझ्याकडे आली आहे. मी पोखऱ्याला जाताना एक आणि येताना एक असे दोन जादा मुक्काम टाकले. काठमांडूहून मुंबईचं तिकीट त्याच्याही पुढचं काढायला सांगितलं. तिचे वडील पंच्याहत्तरीचे, म्हणून दोन्ही बाजूंचं विमान बुक केलं आहे आणि जोडीला जीपवाल्याचा नंबर. वहिनीचा फोन आला, "वीस मिनिटांच्या विमानासाठी दोन दिवस? काय करायचं तिथे?" मी सांगितलं, विमान वेळेवर गेलं तर फेवा ताल आहे, होडी करून तळ्यातल्या बेटावरच्या ताल बाराहीच्या देवळात जा. सारंगकोटवरून सूर्योदय बघा, त्यासाठी पहाटे चारला उठा. गावातल्या पर्वत संग्रहालयात अर्धा दिवस द्या, बाबांना आवडेल. आणि सेती नदी गावाच्या पोटातून जाते, पुलावरून खाली वाकून बघा, पाणी चुन्यासारखं पांढरं आहे.